उतारावरची घरे : लॉस एंजेलिसच्या टेकड्यांचा इतिहास

ता. ९ मे १९६० रोजी रात्री ज्युलियस शुल्मन या छायाचित्रकाराने अमेरिकेतील लॉस एंजेलिस नगरीच्या एका टेकडीवर नव्याने बांधलेल्या घराचे छायाचित्र घेतले. घराच्या भिंती काचेच्या आहेत. आत दोन तरुणी फिकट रंगाचे पोशाख करून निवांत बोलत बसल्या आहेत, आणि त्यांच्या पायांखाली, जणू तळहातावर मांडलेले, दिव्यांच्या ओळींचे अफाट नगर क्षितिजापर्यंत पसरले आहे. छपराच्या तुळया जेथे संपतात तेथून पुढे नगरातील रस्त्यांच्या दीपरेषा सुरू होतात, असा भास पाहणाऱ्यास होतो. आधुनिक गृहरचनेवरील ग्रंथ उघडावा आणि हे चित्र त्यात नसावे, असे क्वचितच घडते.

त्या चित्राने जगभरच्या धनिकांना आणि पुष्कळशा मध्यमवर्गीयांनाही टेकडीवर घर बांधण्याची स्वप्ने पाडली. आपल्याकडे गोव्यात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी आज ज्या जाहिराती दिसतात, त्यांत त्या स्वप्नाचीच छाया आहे. परंतु चित्र पाहणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारावयास हवा, आणि तो फारसे कोणी विचारीत नाही. हे घर उभे कशावर आहे? छायाचित्रात ते दिसत नाही. दिसावे अशी छायाचित्रकाराची इच्छाही नव्हती. प्रस्तुत लेखाचा विषय तो न दिसणारा भाग होय.

ही जागा स्टाल नावाच्या दांपत्याने १९५४ साली साडेतेरा हजार डॉलरांस घेतली. कडेलोटाच्या जागेवर घर काढून द्यावयास आरंभी कोणी स्थापत्यविशारद राजी होईना. स्टाल यांनी मधल्या काळात एक उद्योग आरंभला. शहरात जेथे जेथे बांधकामे चालली असत, तेथून टाकून दिलेले काँक्रीटचे तुकडे ते आपल्या गाडीत भरून आणीत, आणि सुटीच्या दिवशी टेकडीच्या कडेला स्वहस्ते रचीत. अशा रीतीने जागेची कड त्यांनी काही वर्षांत बांधून काढली. पुढे पिएर कोनिग या तरुण स्थापत्यविशारदाने ते काम पत्करले आणि १९५९-६० मध्ये पोलादाच्या थोड्याशा खांब-तुळयांवर ते काचेचे घर उभे केले. ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा यांनी १९४५ साली नमुनेदार घरांची जी योजना सुरू केली होती, तीत या घराचा क्रमांक बावीस. क्रमांक बावीसची कीर्ती झाली. तुकड्यातुकड्यांच्या त्या भिंतीची झाली नाही.

लॉस एंजेलिसच्या टेकड्या म्हणजे आपल्या सह्याद्रीचे काळे कातळ नव्हेत. सांता मोनिका पर्वतरांग शहराच्या अंगातूनच गेली आहे, आणि तिचा पुष्कळसा भाग गाळाच्या मऊ, थराथरांच्या खडकांचा आहे. हे थर भूगर्भाच्या दाबाने कलंडलेले आहेत. जेथे थरांचा कल आणि टेकडीचा उतार एकाच दिशेस असतात, तेथे पायथा खणणे म्हणजे उतरंडीच्या खालचा घडा ओढणे. पाऊस तेथे वर्षास सरासरी पंधरा इंच, म्हणजे पणजीच्या पावसाचा सातवा-आठवा हिस्सा. तोही जवळजवळ सारा हिवाळ्यात पडतो. कित्येक वर्षे कोरडी जातात, माणसे निर्धास्त होतात, आणि मग एखाद्या हिवाळ्यात आठवडाभरात वर्षाचा पाऊस कोसळतो. आपला पावसाळा दरसाल येऊन आपली परीक्षा घेतो. तेथील पाऊस दहा-वीस वर्षे थांबून घेतो. विस्मरणास एवढा अवधी पुरेसा असतो.

या टेकड्यांवर आधुनिक घरे बांधण्याचा आरंभ १९२०च्या दशकात झाला, आणि त्या दशकातच दोन भिन्न वृत्ती स्पष्ट दिसू लागल्या. पहिली फ्रँक लॉइड राइट यांची. १९२४ साली त्यांनी एनिस यांच्यासाठी टेकडीच्या कण्यावर जे घर बांधले, ते एखाद्या प्राचीन मंदिराच्या अधिष्ठानासारखे भव्य आहे. सुमारे सत्तावीस हजार नक्षीदार काँक्रीटचे ठोकळे त्यास लागले, आणि त्या ठोकळ्यांत त्या जागेतलेच कुजलेल्या ग्रॅनाइटचे चूर्ण मिसळले होते. कल्पना रम्य होती. टेकडीच्या मातीतून टेकडीचेच घर उगवावे! परंतु माती हे काँक्रीटचे पथ्य नव्हे. ठोकळे झिजू लागले, आतल्या लोखंडी सळ्या गंजल्या, १९९४च्या भूकंपाने घर खिळखिळे केले आणि २००४-०५च्या हिवाळ्यातील पावसाने आधारभिंतीचा काही भाग खचला. आज ते दुरुस्त होऊन उभे आहे, पण त्या दुरुस्तीस अपार द्रव्य लागले. थोरांच्या चुकाही थोर असतात, आणि त्या निस्तरण्यास थोर खर्च येतो.

दुसरी वृत्ती व्हिएन्नाहून आलेल्या दोघा स्थापत्यविशारदांची, रुडॉल्फ शिंडलर आणि रिचर्ड नॉइट्रा यांची. शिंडलर १९२० मध्ये राइट यांच्याच कामासाठी लॉस एंजेलिसला आले होते. त्यांची गिऱ्हाइके बहुधा बेताच्या पैशांची असत, आणि बेताच्या पैशांत मिळत ते भूखंड तीव्र उताराचे, इतरांनी नाकारलेले. आधुनिक घर डोंगरावर गेले ते केवळ दृश्याच्या मोहाने नव्हे. उतारावरची जागा स्वस्त होती, हे कारणही तितकेच बलवत्तर होते. आज ती जागा सर्वांत महाग आहे, म्हणून हा क्रम विसरला जातो.

नॉइट्रा यांनी १९२७ ते १९२९ या काळात डॉ. लोव्हेल नावाच्या निसर्गोपचारकासाठी जे घर बांधले, त्याची रचना आपल्या वाचकांस विशेष गमतीची वाटेल. आपण टेकडीवरच्या देवळास जातो ते पायऱ्या चढून. या घराचा रस्ता वर आहे. दारातून आत शिरले की प्रथम निजावयाच्या खोल्या लागतात, आणि दिवाणखान्यास जावयाचे ते जिना उतरून. घर उतारावर बसलेले नाही, वरच्या रस्त्यापासून खाली सोडलेले आहे. त्याचा पोलादी सांगाडा कारखान्यात तयार करून आणला होता आणि जागेवर चाळीस तासांत जोडला, असे नमूद आहे. डोंगर कापून सपाटी करण्याऐवजी घरानेच डोंगराप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी उतरावे, वजन हलके ठेवावे आणि ते मोजक्या जागी खाली न्यावे, हा विचार येथे प्रथमच इतक्या स्वच्छपणे मांडला गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या विचारास फाटा मिळाला. युद्धातून परतलेल्या लाखो कुटुंबांना घरे हवी होती, सपाट जमीन संपत आली होती, आणि युद्धाने बुलडोझर नावाचे यंत्र सिद्ध करून दिले होते. या यंत्राने डोंगराचा प्रश्न अगदी सोपा करून टाकला. उताराची वरची बाजू कापावी, निघालेली माती खालच्या बाजूस लोटावी, आणि अर्धी कापणी व अर्धा भराव मिळून एक सपाट चौथरा करावा. त्यावर सपाट जागेचेच घर, सपाट जागेच्याच नकाशाने बांधावे. गृहस्थाचे अर्धे घर खडकावर आणि अर्धे घर कालच लोटलेल्या भुसभुशीत मातीवर, हे त्या गृहस्थास ठाऊकही नसे. गवत-झुडपांसकट भराव टाकला जाई. ती झुडपे आत कुजत आणि पाण्यास वाट करून देत. असे चौथरे हजारोंनी झाले.

१९५२च्या जानेवारीत पाऊस आला. चौथरे वाहून गेले, चिखलाचे लोट खालच्या वस्तीत शिरले, माणसे दगावली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिस नगरीने डोंगर कापण्याचे आणि भराव टाकण्याचे नियमन करणारा निर्बंध केला. अमेरिकेतील कोणत्याही नगराचा हा असा पहिलाच निर्बंध होय. पुढे १९६३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. भराव टाकण्यापूर्वी झाडोरा काढून मूळ उतारात पायऱ्या खोदल्या पाहिजेत. माती पातळ थरांनी, ओलावून, दाबून बसवली पाहिजे. कापलेला वा भरलेला उतार साधारणतः एक फूट उंचीस दोन फूट रुंदी याहून उभा नसावा. छपराचे पाणी उतारावर न सोडता नळाने रस्त्याच्या गटारात न्यावे. या साऱ्यांहून महत्त्वाची अट अशी की, परवान्याच्या आधीच नव्हे तर प्रत्यक्ष काम चालू असतानाही भूशास्त्रज्ञाने आणि मृत्तिका-अभियंत्याने जागेवर येऊन पाहिले पाहिजे. कागदावरचा डोंगर आणि खणल्यावर निघणारा डोंगर एक नसतो, हे त्या अटीमागचे शहाणपण.

या नियमांनी काय साधले, हे पाहण्याची संधी १९६९च्या जानेवारी-फेब्रुवारीतील भयंकर पावसाने दिली. जेम्स स्लॉसन या भूशास्त्रज्ञाने तेव्हा जी गणना मांडली, तिच्याइतके बोलके आकडे नगररचनेच्या वाङ्मयात थोडेच असतील. १९५२ पूर्वी, म्हणजे कसलाही नियम नसताना, डोंगरावर सिद्ध झालेल्या जागा सुमारे १०,०००. त्यांपैकी १,०४० जागांची त्या पावसात हानी झाली. १९५२ ते १९६२ या काळातील जागा २७,०००. हानी ३५० जागांची. १९६३ नंतरच्या जागा ११,०००; हानी अवघ्या १७ जागांची. दर शेकडा दहाहून अधिक, मग एकाहून थोडे अधिक, मग एकाचाही सातवा हिस्सा. जुन्या घरांची गटारे जुनी, भिंती जुन्या, म्हणून त्यांच्या बाजूने थोडी सूट द्यावी हे खरे. पण कितीही सूट दिली तरी हा फरक वयाचा म्हणून सोडून देता येत नाही. डोंगर तेच, पाऊस तोच, माणसेही त्याच जातकुळीची. बदलले होते ते एवढेच की कोणीतरी खाली वाकून माती पाहू लागले होते.

मात्र घरमालकाने सारे नीट केले तरी शेजारच्या डोंगराचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे दारुण उदाहरण शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठी पालोस व्हेर्देस या द्वीपकल्पावर घडले. त्या जागेचे नाव पोर्तुगीज बेंड. पूर्वी तेथे देवमाशांची शिकार करणाऱ्या पोर्तुगिजांवरून ते पडले. गोमंतकीयांस हे नाव वाचून क्षणभर थबकावेसे वाटेल. हा सारा उतार प्राचीन काळी एकदा घसरलेला. त्याच्या पोटात ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या बेंटोनाइट नामक मातीचा एक थर आहे, आणि तो समुद्राकडे कललेला आहे. ही माती भिजली की साबणासारखी निसरडी होते. वरच्या बाजूस रस्ता लांबवण्याचे काम निघाले, त्याचा भराव उताराच्या माथ्यावर पडला. घरोघरच्या मैल्याच्या खड्ड्यांतील पाणी वर्षानुवर्षे जमिनीत मुरतच होते. १९५६ मध्ये डोंगर चालू लागला. कोसळला नाही, चालू लागला. दररोज थोडा थोडा. शंभराहून अधिक घरे त्याने मोडली. रहिवाशांनी त्या प्रांताच्या शासनावर दावा लावला, आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रस्ता बांधण्यात निष्काळजीपणा झाला नसला तरीही सार्वजनिक कामापायी झालेल्या हानीची भरपाई शासनाने केली पाहिजे.

येथे आपल्या घराकडे थोडे वळून पाहणे अस्थानी होणार नाही. गोव्याच्या टेकड्यांचा माथा जांभ्याचा. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी तो पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकण, फिक्या रंगाची माती असते, जिला किनारपट्टीत शेडी म्हणतात. पाणी तिच्यात सहज उतरत नाही, म्हणून जांभा आणि शेडी यांच्या सांध्यावरून आडवे वाहत ते उताराच्या कुशीत बाहेर येते. आपल्या देवळांच्या तळ्या, कुळागरांचे पाट, खेड्यांचे झरे यांपैकी पुष्कळांचे मूळ त्या सांध्यात आहे. पणजीत आल्तिन्यो टेकडीच्या पायथ्याच्या वाड्यास फोंताइन्यश हे नाव मिळाले तेही झऱ्यावरूनच. पूर्वजांनी फोंडा महालात देवालये बांधताना बहुधा पायथ्याची झऱ्यालगतची जागा धरली आणि कुळागरांचे बांध जांभ्याच्या कोरड्या, चुन्यावाचून रचलेल्या दगडांचे घातले. असा बांध माती धरतो आणि पाणी सोडतो. सिमेंटच्या भिंतीत पाण्यास बाहेर पडण्याची भोके ठेवली नाहीत, तर ती माती आणि पाणी दोन्ही धरू पाहते, आणि एका पावसाळ्यात ओणवी होते. जांभ्याच्या माथ्यावर चौथरा कापला, तर शेडी उघडी पडते आणि झऱ्याची वाटही बदलते. हा अनुभव घेण्यास कोणा गोमंतकीयास समुद्रापलीकडे जावे लागत नाही.

असो. लॉस एंजेलिसच्या स्थापत्यविशारदांपैकी ज्यांना हे पाण्याचे मर्म उमगले, त्यांची दोन घरे येथे सांगण्याजोगी आहेत. पहिले जॉन लॉटनर यांनी १९६० साली लेनर्ड मॅलिन या तरुण विमान-अभियंत्यासाठी बांधलेले ‘केमोस्फिअर’. जमिनीचा उतार पंचेचाळीस अंशांचा. तेथे घर होणेच शक्य नाही असे लोक समजत. लॉटनर यांनी डोंगर कापला नाही आणि आधारभिंतीही घातल्या नाहीत. सुमारे तीस फूट उंचीचा व पाच फूट व्यासाचा काँक्रीटचा एकच खांब उभा केला, आणि त्यावर अष्टकोनी घर एखाद्या छत्रीसारखे तोलले. घरात जावयाचे ते उतारावरून चढणाऱ्या लहानशा दोरगाडीने. पाहणारे वरचे चमत्कारिक छत्र पाहतात. खरी करामत मातीखाली आहे. तेथे सुमारे वीस फूट व्यासाची काँक्रीटची बैठक पुरलेली आहे. पाऊस त्या खांबाला वळसा घालून पूर्वीच्याच वाटेने दरीत उतरतो. घर आजवर भूकंपांतून आणि अतिवृष्टीतून तरले आहे.

दुसरे घर मला अधिक प्रिय आहे. रे कॅप या स्थापत्यविशारदाने १९६७ मध्ये ते स्वतःच्या कुटुंबासाठी रस्टिक कॅन्यन या दरीत बांधले. जागा तीव्र उताराची, आणि त्यात जमिनीखाली जिवंत झरे. सामान्य रीतीने पाया घालावा तर झरे अडतात. अडलेले पाणी पाया उचलते किंवा उतार ढासळवते. कॅप यांनी काँक्रीटचे सहा मनोरे खोल रुजवले, त्यांवर लाकडी तुळया टाकल्या, आणि घराच्या पातळ्या उताराबरोबर वरखाली होऊ दिल्या. मनोऱ्यांच्या मधली जमीन मोकळी राहिली, झरे मोकळे राहिले. मनोरे पोकळ असून त्यांत जिने, स्नानगृहे आणि वरून येणारा उजेड आहे. येथे घराचा नकाशा पाण्याने काढला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

उंच खांबांवरची सारीच घरे मात्र इतक्या विचाराने बांधलेली नव्हती. ता. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे नॉर्थरिजचा भूकंप झाला, तेव्हा डोंगरकडेची कित्येक घरे खांबांसकट दरीत गेली. कारण तपासता असे आढळले की, घराची वरची बाजू रस्त्यालगतच्या ताठर पायावर टेकलेली, खालची बाजू लांब लवचिक खांबांवर. धरणी हलताच दोन्ही बाजू निरनिराळ्या तालात हलल्या आणि वरच्या पायाशी असलेला फळ्यांचा कच्चा सांधा उखडला. खांब मोडण्यापूर्वी घर पायापासून सुटले होते. त्यानंतर नगरीने वरच्या पायाशी घर पक्के जखडण्याचा नियम केला. सपाटीवरच्या सुताराचे चार खिळे उतारावर पुरत नाहीत, हे कळण्यास इतके जीव आणि इतकी घरे जावी लागली.

आगीचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. १९६१च्या नोव्हेंबरात बेल एअरच्या टेकड्यांवर ४८४ घरे एका वणव्यात जळाली आणि २०२५च्या जानेवारीत पॅलिसेड्स भागात सहा हजारांहून अधिक वास्तू भस्मसात झाल्या, एवढाच उल्लेख येथे पुरे. जळालेल्या डोंगराची मुळे मेली की पुढच्या पावसात माती सुटते.

गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात, १९७४ सालच्या त्या कायद्यास मागाहून जोडलेल्या कलम १७-अ अन्वये, पूर्वपरवानगीवाचून डोंगर कापण्यास आणि सखल जमीन भरण्यास बंदी आहे. कलम चांगले आहे. पण लॉस एंजेलिसचा १९५२चा निर्बंध आणि १९६३चा निर्बंध यांतील अंतर ध्यानात घेतले, तर डोंगरकापणीच्या प्रत्येक परवान्याबरोबर एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार खालच्या वाड्याचा, तळीच्या पाण्यावर जगणाऱ्यांचा आहे. खणकाम चालू असताना तेथे उभा राहून माती कोण पाहणार आहे?

पोर्तुगीज बेंडच्या त्या चालत्या डोंगराची हकीकत १९६५च्या निर्णयाने संपली नाही. त्या उतारावर राइट यांचे पुत्र लॉइड राइट यांनी १९५१ साली एक प्रार्थनामंदिर बांधले होते. रेडवुडच्या लाकडाची कमानदार चौकट, मधे सारी काच, पाठीशी झाडे आणि समोर समुद्र. लोक त्यास वेफेअरर्स चॅपल, म्हणजे वाटसरूंचे मंदिर म्हणतात. सत्तर वर्षे ते निर्वेध उभे होते. २०२३ आणि २०२४च्या अतिवृष्टीनंतर डोंगराचा वेग वाढला, भोवतालच्या वस्तीतील वीज आणि गॅस तोडावे लागले. मंदिराच्या काचा तडकू लागल्या, चौकट पिळवटू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले, आणि त्याच वर्षी त्याचे लाकूड, दगड व पोलाद एकेक करून, काळजीपूर्वक उतरवून घेऊन, दुसरीकडे पुन्हा उभारण्यासाठी जपून ठेवण्यात आले.

सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळास आणि केळशीहून शांतादुर्गा कवळ्यास आली, ती परधर्मी सत्तेच्या भयाने नदी ओलांडून. त्या उपासकांना आपले दैवत घेऊन निघावे लागले ते पायाखालच्या डोंगरामुळे. उतरवलेले ते मंदिर अजून नव्या जागेची वाट पाहत आहे.